बैलजोडीमागचा माणूस

१९५७ सालच्या निवडणुकीत मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडे, तिच्यावर उमेदवाराचे नाव छापलेले नसे. मतदानकेंद्रातील आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी मांडलेली असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने आत जावे, आपल्या पसंतीची पेटी ओळखावी, तीत कागद टाकावा आणि बाहेर यावे, एवढाच तो विधी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपला हक्क बजावता यावा, म्हणून ही योजना केलेली होती, आणि तो हेतू साधलाही. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट अशी झाली, की चिन्ह डोळ्यांसमोर राहिले आणि चिन्हामागचा माणूस आड झाला.

त्या वर्षी तेलंगणातील मंथनी मतदारसंघात काँग्रेसच्या बैलजोडीमागे जो माणूस उभा होता, त्याचे नाव पामुलपर्ती वेंकट नरसिंहराव. वय पस्तीस. पुढे हा गृहस्थ भारताचा पंतप्रधान होईल, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते, तर ऐकणारा हसला असता. तेव्हा तो फक्त एक उमेदवार होता. आणि उमेदवार म्हणूनच त्याच्याकडे पाहणे या ठिकाणी योजिले आहे. मत मागावयास आलेल्या माणसाबद्दल मतदाराने तीन गोष्टी विचाराव्यात. तो कोठून आला? तो कशाच्या बाजूने उभा आहे? आणि ती बाजू धरून ठेवण्यासाठी पदरचे काही घालावयाची वेळ आली, तर तो घालील काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रचारपत्रकात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मिळावयास पुष्कळदा वर्षे लोटावी लागतात. मंथनीच्या मतदारांना ते पंधरा वर्षांनी मिळाले.

ती निवडणूकही जरा वेगळीच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला मिळाले आणि तेलंगण आंध्राशी जोडले जाऊन आंध्र प्रदेश हे नवे राज्य निर्माण झाले. आंध्र भागातील आमदार १९५५ सालीच निवडून आलेले होते. त्यामुळे १९५७ साली विधानसभेसाठी मतदान झाले ते केवळ तेलंगणात. हैदराबादेच्या बाग-ए-आममधील, १९१३ साली पुरी झालेली ती घुमटांची शुभ्र इमारत नव्या राज्याचे विधानभवन झाली होती आणि तेलंगणाचे प्रतिनिधी तेथे एका अर्थी नवखे सोबती म्हणून जाणार होते. त्यांच्यांत नरसिंहराव होते.

त्यांचा जन्म २८ जून १९२१ रोजी वरंगळ जिल्ह्यात नरसमपेटजवळील लक्नेपल्ली या गावी झाला. लहानपणीच ते वंगारा येथील आप्तांच्या घरी दत्तक गेले. हे घर मोठ्या जमीनदाराचे. तेलंगणातील जमिनीचा तो काळ मराठवाड्यातील वृद्धांना वेगळा सांगावयास नको. देशमुख, जहागीरदार, वेठबिगार हे शब्द दोन्हीकडे सारखेच चालत आणि त्यांखाली भरडल्या जाणाऱ्या माणसांची दशाही सारखीच होती. दत्तक मुलगा या व्यवस्थेत वरच्या पायरीवर बसला. ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढे त्याने हात घातला तो या पायरीलाच.

१९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. सरकारने बंदी घातली, विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. हणमकोंड्याच्या महाविद्यालयात शिकणारे नरसिंहराव त्यांपैकी एक. संस्थानातील शिक्षणाची दारे मिटली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने या मुलांना आत घेतले. नरसिंहरावांचे पुढील शिक्षण असे मराठी मुलखात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी विज्ञानाचा अभ्यास केला आणि नागपुरास कायद्याचा. संस्थानाने हाकलले म्हणून एक तेलुगू तरुण मराठी शिकला, असे म्हणावयास हरकत नाही. ही भाषा त्यांनी बाजारहाटापुरती उचलली नाही. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी पुढे ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. पुण्याच्या ब्राह्मण घरातील एका विधवेचे दुःख तेलुगू वाचकाला आपलेसे वाटावे, म्हणून वाक्यावाक्याशी झटणारा हा माणूस पुढे कायदे लिहावयास बसला, हे विसरून चालत नाही.

कायद्याची पदवी घेऊन ते हैदराबादला परतले आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्या हाताखाली वकिलीचे धडे गिरवू लागले. बुर्गुलही फर्ग्युसनचेच विद्यार्थी. पुढे ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. परंतु नरसिंहरावांच्या राजकीय मनाला वळण लावले ते दुसऱ्या एका पुरुषाने. स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत त्यांनी मुले घडविली आणि नंतर संस्थानातील मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले. १९४७-४८ साली स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते संस्थानाच्या सीमेबाहेर छावण्या घालून राहत, तेव्हा नरसिंहराव चांदा येथील छावणीत काम करीत होते. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी राजवट संपली आणि छावण्या उठल्या. स्वामीजींशी जडलेले नाते मात्र टिकले.

१९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नरसिंहराव करीमनगरमधून लोकसभेसाठी उभे राहिले आणि पडले. त्यांना हरविले बद्दम येल्ला रेड्डी यांनी. ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या आघाडीचे उमेदवार होते. १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणातील शेतकऱ्यांनी जमिनीसाठी हत्यार उचलले होते आणि त्या लढ्याचे नेते आता मतपेटीकडे वळले होते. हरलेल्या उमेदवाराने त्या निकालातून काय वाचले असेल, याचा तर्क करता येतो. तेलंगणातील मतदार जमिनीविषयी विचारीत होता. आणि जो पक्ष त्या प्रश्नाला सरळ उत्तर देणार नाही, त्याची बैलजोडी गाडीला जुंपलेलीच राहणार, गाडी पुढे जाणार नाही.

पाच वर्षांनी त्यांना मंथनीची उमेदवारी मिळाली. गोदावरीच्या काठचे हे गाव वेदविद्येसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. मतदारसंघ मात्र रानावनाचा, वस्ती तुरळक, वाटा कच्च्या. त्याच्या एका टोकाला कालेश्वरम्. तेथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडच्या तीरावर महाराष्ट्राचा सिरोंचा तालुका लागतो. सिरोंचाच्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू चालते. अशा सीमेवरच्या मुलखाला दोन्ही भाषा जाणणारा प्रतिनिधी मिळाला. मंथनीने त्यांना १९५७, १९६२, १९६७ आणि १९७२ असे लागोपाठ चार वेळा विधानसभेत पाठविले.

त्यांच्या भूमिका कोणत्या होत्या, हे त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या कामावरून अधिक स्वच्छ दिसते. १९६२ साली ते मंत्री झाले. कायदा, धर्मादाय संस्था, आरोग्य आणि शिक्षण अशी खाती त्यांच्याकडे क्रमाने आली. शिक्षणमंत्री असताना उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. केवळ आग्रहाने पुस्तके तयार होत नाहीत, म्हणून १९६८ साली तेलुगू अकादमी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांनीच सांभाळले. १९७१ साली नलगोंडा जिल्ह्यातील सर्वैल या खेड्यात खेड्यापाड्यांतील हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. गरिबाच्या मुलाला बुद्धी असते, पण अभ्यासाला दिवा नसतो आणि पोटाला वेळेवर भाकरी नसते. ती दोन्ही शाळेने द्यावीत, असा तो साधा विचार. पुढे १९८५ साली ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले आणि हीच कल्पना देशभर नवोदय विद्यालयांच्या रूपाने पसरली. त्यांतील अगदी पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीत उघडले.

शाळेला विरोध करणारे थोडेच असतात. खरी कसोटी जमिनीच्या प्रश्नावर लागणार होती.

आंध्र प्रदेशात कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ सालीच झालेला होता. तेव्हा नरसिंहराव साधे आमदार होते. त्या कायद्याने एका धारकाला ठेवता येईल अशी जमीन, तिच्या प्रतीप्रमाणे, २७ एकरांपासून तब्बल ३२४ एकरांपर्यंत ठरविली होती. ३२४ एकर राखून ज्याची जमीन जादा निघेल असा मनुष्य किती गावांत सापडणार? शिवाय कुटुंबातील प्रत्येकाच्या नावे, प्रसंगी गड्याच्याही नावे, सातबारा फिरविण्यास मोकळीक होती. कायदा कागदावर राहिला आणि जमीन होती त्या घरांतच राहिली.

३० सप्टेंबर १९७१ रोजी नरसिंहराव मुख्यमंत्री झाले. १९६९ च्या वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनाने राज्य पोळलेले होते आणि तेलंगणाचा मुख्यमंत्री दिल्याने ते शांत होईल, असा दिल्लीचा हिशेब होता. त्यांच्यामागे स्वतःचा असा मोठा गट नव्हता. अशा माणसाने जपून पावले टाकावीत, बड्यांना दुखवू नये, हे राजकारणातले व्यावहारिक शहाणपण. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना पूर्वीपेक्षा अधिक जागा दिल्या. पक्षाला मोठे बहुमत मिळाले आणि लगेच त्यांनी जमिनीचा प्रश्न हाती घेतला. मे १९७२ मध्ये जमिनींच्या हस्तांतरणाला बंदी करण्यात आली. कायदा येणार असे कळले, की जमिनी रातोरात नातेवाइकांच्या नावे चढतात. ही पळवाट आधी बुजवून मग कायदा आणावयाचा, असा हा क्रम होता. नव्या कायद्यात पाच माणसांच्या कुटुंबाला ओलिताची १० ते २७ एकर आणि कोरडवाहू ३५ ते ५४ एकर अशी मर्यादा घातली गेली. १९६१ च्या ३२४ शेजारी हा ५४ चा आकडा ठेवून पाहिला, म्हणजे या माणसाने कोणाशी वैर पत्करले, ते निराळे सांगावे लागत नाही.

वैर पत्करले ते आपल्याच वर्गाशी. विधानसभेतील बाके जमीनदारांनी भरलेली होती. सत्ताधारी पक्षाचीही त्याला अपवाद नव्हती. आणि मुख्यमंत्री स्वतः वंगाऱ्याच्या मोठ्या जमिनीचे धनी होते. कायद्याचा पहिला घाव मुख्यमंत्र्याच्या घरावर पडला आणि त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीचा मोठा भाग गेला. लोकांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. आपल्या उंबऱ्यापासून आरंभ करणारे विरळ. उमेदवाराची पार्श्वभूमी विचारावयाची ती याचसाठी. त्याचा जन्म कोणत्या घरी झाला, याला स्वतंत्रपणे फारसे मोल नाही. त्या घराचा स्वार्थ आणि लोकांचे हित यांची गाठ पडली, तेव्हा तो कोणीकडे उभा राहिला, हे पाहण्यासाठी आधी घर माहीत असावे लागते.

याच सुमारास दुसरे एक वादळ उठले. निजामाच्या काळापासून हैदराबाद संस्थानात मुलकी नियम चालत आले होते. संस्थानात पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्यालाच सरकारी नोकरी, असा त्यांचा थोडक्यात आशय. मराठवाड्यातील आणि हैदराबाद शहरातील मराठी घरांतही मुलकी व गैरमुलकी हे शब्द त्या काळी रोजच्या बोलण्यातले होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरविले. मुख्यमंत्र्यांनी निर्णय शिरोधार्य मानला. कायदेपंडिताला शोभेल असेच ते वागणे होते. पण राज्य दोन भागांचे होते. आंध्र भागातील तरुणांना वाटले, आपल्याच राजधानीत आपण परके ठरलो. ‘जय आंध्र’चा घोष उठला, वेगळ्या आंध्र राज्याची मागणी झाली, संप झाले, गोळीबार झाले, माणसे मेली. आंध्रातील अनेक मंत्र्यांनी राजीनामे दिले.

येथे एकाच बाजूने बोलणे न्यायाचे होणार नाही. नोकरीसाठी धास्तावलेल्या आंध्राच्या तरुणाची तक्रार खोटी नव्हती. तिला वेळीच समजून घेण्यात, दोन गोड शब्दांनी ती हलकी करण्यात मुख्यमंत्री उणे पडले. पुस्तकांत रमणारा, मितभाषी माणूस न्यायालयाचा निकाल सांगू शकला. संतापलेल्या जमावाचे मन त्याला वळविता आले नाही. त्याचबरोबर हेही खरे, की जमिनीच्या कायद्याने दुखावलेल्या धनिकांना या आंदोलनात आपली सोय दिसली. तरुणांच्या रागाच्या आगीवर ज्यांनी तेल ओतले, त्यांतील काहींच्या मनात नोकऱ्यांपेक्षा एकरांची चिंता अधिक होती, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. १९७३ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. सव्वा वर्षाचा कारभार संपला.

कायद्याचे काय झाले? तो १९७३ चा कायदा म्हणून पुस्तकात आला आणि १ जानेवारी १९७५ पासून अमलात आला. तोपर्यंत चतुरांनी कागद बदलून घेतले होते. हाती आलेली जादा जमीन अपेक्षेहून पुष्कळ कमी भरली आणि जी वाटली गेली, तीही बरीचशी हलक्या प्रतीची होती. तरीही काही भूमिहीनांच्या नावावर जमीन चढली. ज्याच्या आज्याने आयुष्यभर वेठ केली, त्याला दोन एकरांचा कागद मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. एवढ्या थोड्या फळासाठी मुख्यमंत्रिपद घालवावे काय, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही असतील. खुद्द नरसिंहरावांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कादंबरीत, ‘द इन्सायडर’मध्ये, अशाच एका मुख्यमंत्र्याची कथा सांगितली आहे. त्या दिवसांचा सल त्यांच्या मनातून पंचवीस वर्षांनीही गेला नव्हता, इतके त्यावरून कळते.

पुढची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. १९७७ आणि १९८० साली ते हणमकोंड्याहून लोकसभेत गेले. १९८४ साली मात्र हणमकोंड्याने त्यांना पाडले. भारतीय जनता पक्षाला त्या वर्षी साऱ्या देशात ज्या दोनच जागा मिळाल्या, त्यांतील ही एक. त्याच निवडणुकीत ते नागपूरजवळच्या रामटेकमधूनही उभे होते आणि रामटेकने त्यांना निवडून दिले. १९८९ साली पुन्हा दिले. चाळीसएक वर्षांपूर्वी हद्दपार झालेल्या ज्या विद्यार्थ्याला नागपुराने जवळ केले, तोच वृद्धपणी घरच्या मतदारांनी नाकारल्यावर पुन्हा नागपुराच्या शेजारी आसरा मागत आला आणि त्याला तो मिळाला.

१९९१ ते १९९६ ते पंतप्रधान होते. देशाच्या अर्थव्यवहाराची दिशा त्यांनी बदलली. पंचायतींना घटनेचे बळ देणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येची मशीद पडली तेव्हाही ते पंतप्रधान होते आणि त्या दिवसाचा जाब इतिहास त्यांना विचारीत राहील. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी अंत्यसंस्कार झाले. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. मंथनीचा मुलूख २०१४ पासून वेगळ्या तेलंगण राज्यात आहे.

या मोठ्या घटनांपुढे १९५७ ची ती लहानशी निवडणूक दिसेनाशी होते. पण सामान्य मतदाराच्या वाट्याला पंतप्रधान निवडण्याचे काम येत नाही. त्याच्या वाट्याला येतो आपल्या तालुक्याचा उमेदवार, ज्याचे उद्या काय होणार हे कोणालाच माहीत नसते. आता वेगळ्या पेट्या राहिल्या नाहीत. यंत्रावर चिन्हाबरोबर नाव असते, छायाचित्रही असते. उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निर्णयांनी मतदाराला हा हक्क मिळवून दिला. मंथनीच्या शेतकऱ्याला जे कोणी सांगितले नव्हते, ते आज वाचता येणाऱ्या प्रत्येकाला पाहता येते.

तो कागद अवश्य वाचावा. मात्र वाचताना एक ध्यानात ठेवावे. उमेदवाराकडे किती एकर जमीन आहे, हे प्रतिज्ञापत्र सांगते. त्या जमिनीविरुद्ध मत देण्याची वेळ आली तर तो हात वर करील काय, हे ते सांगत नाही. त्यासाठी त्याचे मागचे आयुष्य पाहावे लागते. कधी कशासाठी त्याला शाळेतून काढले गेले, कोणाला त्याने गुरू मानले, परक्याचे दुःख आपल्या भाषेत आणण्यासाठी त्याने कधी झीज सोसली काय, हरल्यावर त्याने मतदाराला दोष दिला की स्वतःला प्रश्न विचारला. ही माहिती गावातच असते. ती विचारण्याची तसदी मात्र मतदाराने घ्यावी लागते.